ग्रामीण रुग्णालयातील मानसिक आरोग्य ओपीडी : आधी रक्तदाब, मग नैराश्याची गोळी

पश्चिम विदर्भातील आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मानसिक आरोग्याचे पथक ठरलेल्या दिवशी येते. उतारवयात पहिल्यांदाच उदास झालेल्या माणसाला तेथे अवश्य न्यावे, असे मी म्हणेन, कारण येथे मनाच्या तक्रारीची चौकशी रक्तदाबाच्या पट्ट्यापासून सुरू होते.

माझे सासरे सत्तरीला आलेले. रक्तदाब जुना, गोळ्या मनाला येईल तेव्हा, खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) मात्र नियमित. ते रडत नसत, दुःखाचे काही बोलतही नसत. ‘मले काहीच करा वाटत नाही’ एवढेच म्हणत आणि वेचणीच्या दिवसांतही वावराकडे फिरकत नसत. डॉक्टरांनी त्यांना एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावे सांगायला लावली. बैल, गाय, म्हैस, शेळी इथवर ते आले, आणि जन्म गोठ्यात गेलेला माणूस गप्प होऊन छताकडे पाहू लागला. विचार असा मंदावला आणि कशातच रस उरला नाही, की मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांची शंका घ्यावी लागते, असे डॉक्टरांनी समजावले. वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांमुळे या वाहिन्यांच्या भिंती जाड व ताठर होतात, आतली वाट अरुंद होते, आणि मेंदूचा पुढचा भाग खोलवरच्या केंद्रांशी जोडणाऱ्या तंतूंना रक्त अपुरे पडते. काम हाती घेण्याची उमेद आणि त्याची आखणी याच जोडणीवर अवलंबून असते. रक्तवाहिन्यांमुळे येणाऱ्या अशा नैराश्याची मांडणी मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅलेक्सोपोलस व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केली. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि नैराश्य असलेल्यांत पक्षाघाताचा धोकाही अधिक असतो.

शहरातील एका खासगी दवाखान्याने आमच्याकडून आधीच एमआरआय करवून घेतला होता. येथील डॉक्टरांनी त्यातील पांढरे ठिपके दाखवले, पण असे ठिपके उदास नसलेल्या म्हाताऱ्यांतही सापडतात, म्हणून नुसत्या फिल्मवरून निदान होत नाही, हेही सांगितले. (तेवढ्या पैशांत एक फवारणी निघाली असती.) नैराश्याची गोळी कमी मात्रेत सुरू झाली आणि या वयात तिच्यामुळे रक्तातील सोडियम उतरू शकते, म्हणून त्याची तपासणीही लिहून मिळाली. रक्तदाबाची गोळी त्याच इमारतीत मोफत मिळाली. गुण सावकाश येत आहे. सासरे आता न सांगता बैलांना पाणी दाखवतात, खर्रा अजून सुटलेला नाही.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. समुपदेशन उघड्या दाराच्या खोलीत होते, बाहेरच्या बाकावर गावचीच माणसे बसलेली असतात, त्यामुळे बायका तर मोकळेपणाने बोलतच नाहीत. नैराश्याच्या गोळ्यांचा साठा मध्येच संपतो आणि त्या बाहेरून विकत घ्याव्या लागतात. पथक नसलेल्या दिवशी टेली-मानस या सरकारी फोन-समुपदेशन सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मात्र रक्तदाब मोजायला उपकेंद्रातच जावे लागते. ओपीडीला जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. डॉक्टर ती एकेक करून पाहतात.