गाय बोलते, पण चारा आपणच घालायचा: ‘फॉर्च्यून’ आणि ‘एक्सकाऊसे’, आठ महिन्यांनंतर

आमच्या शाळेत रोज फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूने सुविचार लिहितात. सोमवारचा सुविचार गुरुवारपर्यंत तसाच असतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. गेल्या जूनमध्ये संगणक कक्षातल्या १२ जुन्या मशीनवर उबुंटू (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट संगणक-प्रणाली) टाकलं, तेव्हा म्हटलं, सुविचाराचं खातं जरा संगणकाकडे देऊन बघू. ‘फॉर्च्यून’ आणि ‘एक्सकाऊसे’ हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट, उबुंटूच्या भांडारातून एका ओळीत बसतात. आता जानेवारी संपत आला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

फॉर्च्यून हा जुना खेळगडी. युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तो होता. काम एवढंच, की फाईलमधलं एक वाक्य चिठ्ठी काढल्यासारखं उचलायचं आणि दाखवायचं. स्टेशनवरच्या वजनकाट्यात नाणं टाकलं की तिकिटामागे भविष्य छापून यायचं, त्याच जातीची गंमत. एक्सकाऊसे तेच वाक्य डेस्कटॉपवर एका कार्टून गाईच्या तोंडी घालतो. शब्द जास्त असतील तर गाय जास्त वेळ थांबते, क्लिक केलं की लगेच जाते. दोन्ही प्रोग्रॅम इतके हलके, की आमची म्हातारी मशीनंसुद्धा कुरकुरली नाहीत.

सोबत येणारा मजकूर मात्र आमच्या कामाचा नाही. सगळं इंग्रजी, त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या प्रोग्रॅमरांचे आपसातले विनोद. सातवीच्या पोरांना त्यात काय हसू येणार? पहिले दोन आठवडे सगळे गाय बघायचे, वाक्य कोणीच वाचत नव्हतं. अचरट वाक्यांची एक वेगळी फाईलही या प्रोग्रॅमसाठी पूर्वीपासून फिरते. शाळेत ती टाकूच नका.

मग मराठी फाईल करायला बसलो. हा भाग सोपा आहे. साध्या टेक्स्ट फाईलमध्ये वाक्यं लिहायची, दोन वाक्यांच्या मधल्या ओळीत एकटं टक्क्याचं चिन्ह द्यायचं, शेवटी ‘एसटीआरफाईल’ ही आज्ञा चालवायची. ती कोणतं वाक्य कुठे सुरू होतं याची सूची बनवते. फाईलमध्ये भर घातली की सूची पुन्हा बनवावी लागते. एकदा मी वरच दोन नवी वाक्यं घातली आणि हे विसरलो. दुसऱ्या दिवशी गाय म्हणाली, ‘ईना अंगण वाकडे’. मुलांना वाटलं हा नवाच विनोद आहे. आठवडाभर वर्गात कोणाचं काही चुकलं की ‘ईना!’

तासाभरात माझं डोकं खाल्लं ते दुसऱ्याच गोष्टीने. फक्त छोटी वाक्यं दाखवण्याची सोय फॉर्च्यूनमध्ये आहे, मर्यादा १६० अक्षरांची. ती चालू केली तर माझी निम्मी वाक्यं गायब. मोजून पाहिली तर एकही १०० च्या वर नव्हतं! शेवटी उलगडा झाला: हा अक्षरं नाही, बाइट (संगणकातल्या साठवणीचं माप) मोजतो, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटीसकट. म्हणजे मराठीला मिळतात जेमतेम ५३ चिन्हं. मर्यादा तिप्पट करून ४८० केली आणि वाक्यं परतली. दर तासाला गाय आपोआप आणायची असेल तर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) दोन्ही प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता आणि डिस्प्लेचा क्रमांक लिहा, नाहीतर काहीच होत नाही आणि का होत नाही तेही कळत नाही.

टर्मिनलमधली, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीतली, साधी ‘काऊसे’ आधी वापरून पाहिली होती. मराठीत तिच्या बोलण्याच्या फुग्याची उजवी भिंत दातासारखी वेडीवाकडी येते. एक्सकाऊसेमध्ये जोडाक्षरंही नीट दिसतात, म्हणून तीच ठेवली.

सुरुवातीला फाईलमध्ये ४० वाक्यं होती, सगळी म्हणी आणि थोरामोठ्यांची. थोरामोठ्यांच्या वाक्यांचं दुखणं असं, की व्हॉट्सॲपवर ती कोणाच्याही नावावर फिरतात. मूळ सापडेना, तेव्हा त्यातली बहुतेक मी काढून टाकली. म्हणी मात्र चालल्या. ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ हे स्वतः गाईच्या तोंडून आलं तेव्हा मागच्या बाकावरही हशा पिकला. पण ४० वाक्यं आणि दिवसाला आठ वेळा गाय, म्हणजे एकाच दिवशी एखादं वाक्य पुन्हा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. मागे काय दाखवलं ते फॉर्च्यून लक्षात ठेवत नाही. ‘सर, हिला एवढंच येतं का?’ असं एका मुलाने विचारलं. मी म्हटलं, मग तूच दे.

तिथून गाडी सुरू झाली. दारापाशी खोक्याचा डबा ठेवला, चिठ्ठ्या येऊ लागल्या. ‘टाईप करता येईना, कीबोर्ड वाकडा.’ ‘पासवर्ड विसरणाऱ्याने पाढे पाठ आहेत असं सांगू नये.’ ‘गणितात शून्य मिळालं तरी शून्य आपलंच आहे.’ निम्म्या चिठ्ठ्या एकमेकांची खोड काढणाऱ्या होत्या, त्या मी बाजूला ठेवतो. नाव घेऊन चिडवणं फाईलमध्ये जात नाही, हा एकच नियम. कोणाची चिठ्ठी निवडली हे मी सांगत नाही. स्वतःचं वाक्य कधी येईल याची वाट बघताना मुलं बाकीचीही वाचतात. आज फाईलमध्ये २१४ वाक्यं आहेत आणि माझी त्यात तीसही नसतील.

तक्रार एकच उरली. प्रत्येक मशीनवर फाईल वेगळी टाकावी लागते. मी पेन ड्राइव्ह घेऊन बारा ठिकाणी फिरतो आणि एखादं राहतंच. नेटवर्कवरून करता येईल, पण आमच्या शाळेतल्या नेटवर्कबद्दल न बोललेलं बरं.

चाचणी परीक्षेच्या आठवड्यात गाय बंद ठेवली होती. दुसऱ्याच दिवशी आठवीतली एक मुलगी दारातच थांबली.

‘सर, गाय आटली का?’