सायकल ट्रॅक की रस्त्याची डावी लेन?

पुण्यात रोज कामावर सायकलने जायचे ठरवले की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न समोर येतो. धनकवडी ते स्वारगेट हे अंतर मी सातारा रस्त्याने दोन्ही प्रकारे बरीच वर्षे कापले आहे. त्या अनुभवावरून माझा कल एका बाजूला झुकला आहे, पण वेगळ्या भागात राहणाऱ्याचा निष्कर्ष वेगळा असू शकेल, हे आधीच मान्य करतो.

2006 मध्ये कात्रजहून स्वारगेटमार्गे हडपसरला जाणारा बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेनचा, मार्ग सुरू झाला, तेव्हा त्याच्या कडेने सायकलींसाठी स्वतंत्र वाट आखली गेली. वेगात मोठा फरक असलेली वाहने एकमेकांपासून दूर ठेवावीत, हा त्यामागचा विचार मला आजही योग्य वाटतो. ट्रॅकवर मागून बस अंगावर येईल ही धास्ती नसते आणि धूरही थोडा कमी लागतो. मध्येच उभ्या केलेल्या दुचाकी, उलट दिशेने येणारा एखादा स्कूटरस्वार, पावसाळ्यात निसरडे होणारे पेव्हर ब्लॉक हे सगळे त्रासाचे असले, तरी वेग कमी ठेवला तर निभावून नेता येते.

माझा निर्णय झाला तो चौकामुळे. ट्रॅक आणि रस्ता यांच्यामध्ये उभ्या मोटारी, झाडे आणि बसथांबे असल्यामुळे दोन चौकांमधल्या अंतरात सायकलस्वार मोटारचालकाला दिसतच नाही, आणि जिथे ट्रॅक संपतो नेमक्या त्याच ठिकाणी मोटारी डावीकडे वळत असतात. एका संध्याकाळी अशीच एक मोटार माझ्यासमोर वळली आणि माझे पुढचे चाक तिच्या दारापासून वीतभर अंतरावर थांबले. चालक माझ्याइतकाच घाबरला होता. काच खाली करून त्याने विचारले, "अहो, तुम्ही आलात कुठून?" त्याचा प्रश्न खरा होता, कारण त्याच्या दृष्टीने मी त्या क्षणापर्यंत रस्त्यावर नव्हतोच.

तेव्हापासून मी डाव्या लेनमधून जातो. तिथे हॉर्न ऐकावे लागतात, सुरुवातीला पाठीवर सतत दडपण जाणवते आणि रिक्षा कधीकधी फार जवळून जातात. तरीही मागच्या चालकाला मी बराच आधीपासून दिसत असतो, आणि चौकात त्याला मला शोधावे लागत नाही. मात्र लेनमध्ये कुठे चालवायचे हे महत्त्वाचे आहे. कडेला चिकटून चालवले तर उभ्या मोटारीचे दार अचानक उघडण्याचा धोका असतो आणि आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्याने ते दार थेट आपल्याच वाटेत उघडते. म्हणून उभ्या वाहनांपासून मी निदान एक मीटर अंतर राखतो, मागून कितीही हॉर्न वाजला तरी आत सरकत नाही आणि वळण्याआधी मान वळवून मागे पाहून मगच हात दाखवतो. थांब्यावरच्या बसच्या डावीकडून पुढे जाणे तर मी पूर्णपणे सोडले आहे, कारण त्या बाजूला उतरणारे प्रवासी असतात आणि बस सुटताना तिच्या चालकाला आपण दिसूच याची खात्री नसते.

तुम्ही नव्याने सायकल चालवू लागला असाल, ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वेगाने जाणार असाल किंवा उड्डाणपुलाचा रस्ता वाटेत येत असेल, तर लेनचा आग्रह मी धरणार नाही. वाहतुकीच्या वेगाशी थोडेतरी जुळवून घेता येणाऱ्यालाच लेन मानवते, असे मला वाटते. अंधार पडल्यावर तर मागचा लाल दिवा सुरू नसेल तर मी स्वतःही लेनमध्ये उतरत नाही.

माझी मुलगी सोबत असते तेव्हा मात्र आम्ही सकाळी सातच्या आत निघतो आणि ट्रॅकवरूनच जातो. चौक आला की दोघेही उतरतो, वळणाऱ्या मोटारीचा चालक आपल्याकडे पाहतो आहे ना याची खात्री करतो आणि सायकली हातात धरून झेब्रा पट्ट्यांवरून चालत पलीकडे जातो.