‘गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्या मॅडम आणि माझे ४३ हजार

मी सिन्नरला एका पतसंस्थेत रोखपाल आहे. दुपारी साडेचारनंतर कॅश जुळवायची असते, तेव्हा मी कुणाचाच फोन घेत नाही. जानेवारीत एके दिवशी चार चाळीसला बाबांचा फोन आला. मी कट केला, म्हटलं घरी जाऊन करू. घरी गेल्यावर स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, आणि राहूनच गेलं. पहाटे गावाहून काकांचा फोन आला. बाबा झोपेतच गेले होते.

हे आधी सांगितलं, कारण पुढे याच एका गोष्टीच्या जोरावर मला लुबाडलं.

बाबांचं दिवसकार्य झालं, मी कामावर रुजू झाले. सगळे म्हणाले, सावरलीस. जूनमध्ये काउंटरवर शंभराच्या नोटांचं बंडल मोजत होते. ७२ पर्यंत आले आणि पुढचा आकडाच सुचेना. छातीत धडधड, हाताला घाम, कानात गूं आवाज. आता मी इथेच जाणार असं वाटलं. शिपायाने पाणी आणलं, मला रिक्षात बसवलं. ईसीजी व्यवस्थित आला. असं तीनदा झाल्यावर आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ‘हृदयाला काही झालेलं नाही, नाशिकला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.’

आम्ही गेलो. सासूबाईंना थायरॉइडच्या डॉक्टरकडे जातोय असं सांगितलं. नाशिकच्या डॉक्टरांनी पाऊण तास ऐकून घेतलं, चिंता-नैराश्यावर देतात ती एस्सिटालोप्रामची गोळी सुरू केली आणि तीन गोष्टी बजावल्या. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि गोळीबरोबर मानसतज्ज्ञांकडे बोलायलाही जायचं, कारण गोळी तुमच्या वडिलांबद्दल तुमच्याशी बोलू शकत नाही. पहिल्या दोन मी पाळल्या. तिसरी टाळली. दर आठवड्याला नाशिकला जायचं म्हणजे अर्धी रजा, एसटीचा प्रवास, आणि पतसंस्थेत रोज नवं कारण. लहान गावात आपण कुठल्या दवाखान्याची पायरी चढलो हे लपत नाही. नेमक्या याच भीतीवर ही मंडळी जगतात.

सप्टेंबरपर्यंत झोप लागायला लागली होती. त्याच सुमारास फोनवर एक जाहिरात सारखी समोर येऊ लागली. काठापदराच्या साडीतल्या एक मॅडम, मागे भिंतीवर पाच-सहा चौकटीतली प्रमाणपत्रं, नावाआधी ‘डॉ.’, आणि आपल्या घरातली थोरली जाऊ बोलेल तसं मराठी. ‘मन मोकळं करायला हक्काचं माणूस नाही ना? या, मी आहे.’ रविवारी ११ वाजता, ९९ रुपयांत दोन तास. घरबसल्या, कुणाला कळायचं कारण नाही.

त्या दोन तासांत त्यांनी काय केलं ते नीट सांगते. आधी विचारलं, ‘कुणाच्या मनात आपल्या माणसाबद्दल अपराधी भावना आहे? हो लिहा.’ स्क्रीनवर ‘हो’, ‘हो’, ‘हो’ची रांग लागली. मीही लिहिलं. मला वाटलं, बाई माझ्याच मनातलं ओळखते आहे. आज विचार केला की दिसतं, आई-वडील गमावलेल्या कुठल्याही माणसाला तो प्रश्न लागणारच. शेवटी पुढच्या भेटींची किंमत आली. मूळ ६५ हजार, पण आज रात्री १२ पर्यंत नाव देणाऱ्यांना १८ हजार. माझी भिशी नुकतीच लागली होती. पावणेबाराला मी पैसे पाठवले, मॅडमच्या खासगी यूपीआयवर. पावती मागितली तर म्हणाल्या, ‘विश्वासाच्या नात्यात पावती कसली?’ दिवसभर पावत्या फाडणारी मी, त्यावर गप्प बसले.

खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत मला खूप बरं वाटलं. बाबांच्या फोनचं मी तोवर कुणालाच, नवऱ्यालासुद्धा, सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं. हमसून हमसून रडले. त्यांनी मध्ये एक शब्दही टाकला नाही, नुसतं ऐकलं. आमच्यापैकी बहुतेक जणी तिथेच अडकल्या. रडून हलकं वाटणं ही खरी गोष्ट असते, ते काही नाटक नसतं. पण हलकं वाटणं म्हणजे उपचार नव्हे, आणि पहिल्या भेटीतला तो हलकेपणा पुढे महिनाभर माझ्याकडून पैसे काढायला पुरला.

तिसऱ्या भेटीत सूर बदलला. माझ्या सुप्त मनात ‘पितृऋणाची गाठ’ आहे, बाबांचा जीव त्या फोनपाशी अडकलाय, ती गाठ सोडवायला दुसरी पातळी घ्यावी लागेल. २५ हजार. मी माळकरी घरातली आहे, पितरांचं नाव काढलं की आमचा हात आपोआप जोडला जातो. त्यांनी एका वाक्यात विज्ञानाचा शब्द वापरला, पुढच्या वाक्यात पितरांचा, आणि दोन्हीकडून मला बांधून टाकलं. आवर्ती ठेव मोडून पैसे भरले.

मग गोळ्यांवर आल्या. ‘गोळ्या भावना दाबून टाकतात. गोळी चालू असताना माझं काम आतपर्यंत पोचतच नाही. आजपासून बंद करा.’ मी डॉक्टरांचं सांगणं आठवून चाचरले. त्या म्हणाल्या, ‘त्यांना तुम्ही आयुष्यभर पेशंट म्हणून हव्या आहात. मला तुम्ही मुक्त हव्या आहात.’ दिवाळीच्या आठवडाभर आधी मी एकदम गोळी बंद केली.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं व्हायचं. चक्कर, मळमळ, रात्री भयंकर स्वप्नं, मुलावर विनाकारण ओरडणं. मॅडमना कळवलं. उत्तर आलं, ‘अभिनंदन! विष बाहेर पडतंय. प्रक्रिया काम करते आहे.’ बरं वाटलं असतं तरी श्रेय त्यांचंच, त्रास झाला तरी तोही त्यांच्याच उपायाचा पुरावा. अशा माणसाला चूक ठरवायला जागाच उरत नाही.

त्याच आठवड्यात तिसरी मागणी आली. ‘तुमच्यात हीलर आहे. १ लाख २० हजार भरा, प्रमाणपत्र घ्या, स्वतः लोकांना बरं करा आणि महिन्याला एवढे कमवा.’ स्वतः नीट झोपू न शकणाऱ्या बाईला त्या दुसऱ्यांची मनं सांभाळायला बसवणार होत्या. त्यांच्या हाताखालच्या ‘कोच’ म्हणवणाऱ्या बायका अशाच घडल्या होत्या, हे नंतर समजलं. मी सांगितलं, एवढे पैसे नाहीत, आता थांबते. रात्री त्यांचा आवाजी संदेश आला. आवाज तोच, मऊ. ‘ताई, बाबांचा फोन कापलात. आता बाबांनीच दाखवलेली वाट पण कापणार?’

तो संदेश मी ओट्यापाशी उभी राहून ऐकला. हातातलं पातेलं कुठे ठेवलं तेही आठवत नाही. त्या रात्री माझ्या मनात जे विचार आले ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की मुलगा शेजारी झोपला होता आणि त्याचा हात मी सकाळपर्यंत सोडला नाही. तुमच्यावर अशी रात्र आली तर १४४१६ हा क्रमांक लावा. टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. मला तेव्हा हा क्रमांक माहीत नव्हता.

भाऊबीजेला नणंद आली. ती परिचारिका आहे. ओवाळणीचं ताट घेऊन वळताना मी भिंत धरली, तेवढ्यावरून तिने ओळखलं. मला मागच्या खोलीत नेऊन म्हणाली, ‘वहिनी, गोळी कधी बंद केलीस?’ मी रडत सगळं सांगितलं. ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला नाशिकला नेलं. डॉक्टर म्हणाले, हे विष-बिष काही नाही. या प्रकारची गोळी एकदम तोडली की मेंदूला त्या बदलाशी जुळवून घेता येत नाही, म्हणून झटके, चक्कर, स्वप्नं. थांबवायची वेळ येईल तेव्हा काही आठवडे हळूहळू डोस कमी करून आपण थांबवू. गोळी पुन्हा सुरू झाली आणि झटके काही दिवसांत थांबले.

या वेळी मी तिसरी गोष्टही पाळली. ज्या मानसतज्ज्ञांकडे जाते त्यांनी पहिल्याच दिवशी, मी न विचारता, आपला नोंदणी क्रमांक कागदावर छापलेला दाखवला. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआय, ही १९९२ च्या कायद्याखालची संस्था. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर तिच्याकडे नोंदणी लागते, आणि ती नोंदवही संकेतस्थळावर कुणालाही तपासता येते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस आणि पुढे त्या विषयाचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, त्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेत असते. गोळी लिहिणं, बदलणं, थांबवणं हे अशा डॉक्टरांचं काम. ‘लाइफ कोच’, ‘हीलर’, ‘माइंड ट्रेनर’ या पाट्या मात्र कुणीही लावू शकतो. मानसशास्त्रात एमए करून प्रामाणिकपणे समुपदेशन करणारे खूप जण आहेत आणि त्यांच्याकडे आरसीआयचा क्रमांक नसतो, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून कुणाला खोटं ठरवू नका. त्यांना विचारा, कुठे शिकलात, किती वर्षांचा अभ्यासक्रम होता, अडलं तर कुणाचा सल्ला घेता. खरा माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही. माझ्या मॅडमना मी एकदा भिंतीवरच्या प्रमाणपत्रांबद्दल विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, ‘शंका हाच तुमचा आजार आहे.’

आताच्या ताईंनी आणखी एक केलं. लेखी संमतीपत्र वाचून दाखवलं. काय गुप्त राहील, आणि माझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका दिसला तर कुणाला सांगावं लागेल, हे आधीच समजावलं. एका बैठकीचे १२०० रुपये, त्याची पावती. किती बैठका लागतील विचारलं तर म्हणाल्या, ‘आत्ता सांगितलं तर ते खोटं ठरेल, सहा झाल्या की मिळून बघू.’ तेवढे पैसे नसतील त्यांनी जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या ओपीडीची चौकशी करावी.

डिसेंबरमध्ये एक सहकारी माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, ‘ताई, माझ्या बहिणीच्या ग्रुपवर एक आवाज आलाय. मला तो तुझा वाटला.’ पहिल्या भेटीतलं माझं रडणं होतं ते. ‘चार चाळीसला फोन आला, मी कट केला.’ खाली लिहिलेलं, ‘केस स्टडी: अपराधगंडातून मुक्ती, २१ दिवसांत.’ नाव नव्हतं. पण पतसंस्था, कॅश, सिन्नर, सगळं माझ्या तोंडून होतं. मी रेकॉर्डिंगला कधी परवानगी दिली नव्हती.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, याच्या कलम २३ प्रमाणे उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन आहे. वकिलांनी मला समजावलं की मॅडम म्हणतील, मी उपचार करतच नव्हते, मी कोच आहे. जाहिरातीत ‘डॉ.’ आणि ‘थेरपी’, आणि जाब विचारला की ‘कोच’. म्हणून जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयचे तपशील, संदेश जपून ठेवा. मी रागाच्या भरात अर्धे पुसून टाकले होते, उरलेले नणंदेने वाचवले.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार केली. मॅडमकडून उत्तर आलं, आमच्याकडे पैसे परत करण्याची पद्धत नाही. वकिलांची नोटीस गेल्यावर मात्र त्यांनी १५ हजार द्यायची तयारी दाखवली. अट एकच, पुढे तक्रार करणार नाही असं मी लिहून द्यायचं. मी दिलं नाही. जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

अर्ज लिहिताना वकील म्हणाले, आधी रक्कम लिहू. मी म्हटलं, नाही, पहिल्या मागणीत लिहा की ती ध्वनिफीत सगळीकडून काढून टाकावी. त्यांनी तसंच लिहिलं आहे. पुढची तारीख लागली आहे. सहकारीच्या बहिणीने तिच्या फोनमधली प्रत पुसली. त्या ग्रुपवर २१२ जण होते.