आठ महिने, तीन छोटे चेक गेम

दिवाळीच्या सुमारास स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, सेल होता. माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेल असं काहीतरी शोधताना ‘अटेंटाट १९४२’ दिसला. स्वस्त होता, म्हणून घेतला. मग तो बनवणाऱ्या मंडळींचाच ‘स्वोबोदा १९४५’ विकत घेतला आणि ‘ट्रेन टू साक्सेनहाउझेन’ फुकट असल्यामुळे मोबाईलवर उतरवला. प्रत्येक गेम एकदोन संध्याकाळींत संपतो, पण आठ महिने झाले तरी मी पुन्हापुन्हा तिकडे वळतोय.

‘अटेंटाट’ प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात आणि चेक विज्ञान अकादमीत तयार झाला. मूळ हेतू शाळेत इतिहास शिकवण्याचा. सगळ्यांसाठी तो २०१७ मध्ये आला. २७ मे १९४२ रोजी कुबिश आणि गाबचिक या दोन चेकोस्लोव्हाक पॅराट्रूपर्सनी जर्मनांच्या ताब्यातल्या प्रागमध्ये राइनहार्ड हायड्रिख या तिथला कारभार चालवणाऱ्या नाझी अधिकाऱ्याच्या गाडीवर हल्ला केला. ४ जूनला तो मेला आणि १० जूनला जर्मनांनी सूड म्हणून लिदित्से हे अख्खं गाव संपवलं. पण गेममध्ये बंदूक तुमच्या हातात कधीच येत नाही. तुम्ही आजच्या काळातले नातू. हल्ल्यानंतर आजोबांना गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, उचललं होतं. का उचललं, हे घरात कोणी कधी नीट सांगितलेलं नाही. मग आजीला विचारायचं, आजोबांच्या ओळखीच्यांना गाठायचं.

पडद्यावर खरे नट बसून चेकमध्ये बोलतात, खाली सबटायटल्स. माणसं काल्पनिक आहेत, पण त्यांच्या गोष्टी खऱ्या साक्षी आणि संशोधनावरून रचलेल्या. मधेमधे काळ्यापांढऱ्या कॉमिकची पानं येतात, जुनी फिल्म येते, एक छोटा ज्ञानकोश भरत जातो. खरी मजा प्रश्न निवडण्यात आहे. घाईने आरोपासारखा प्रश्न टाकलात की समोरचं म्हातारं माणूस आवरतं घेतं. एका मुलाखतीत मी तीनदा असा बाहेर पडलो. मुलाखत पुन्हा घ्यायची तर मधल्या छोट्या खेळांत (मिनीगेममध्ये) कमावलेली नाणी खर्चावी लागतात, आणि ही नाण्यांची भानगड मला शेवटपर्यंत रुचली नाही. माणूस रडवेलं होऊन बोलतंय आणि आपण खिसा चाचपतोय! मिनीगेमही बरेचसे शाळेच्या गृहपाठासारखे आहेत.

एक गंमत अशी की सुरुवातीला हा गेम जर्मनीतच विकता येत नव्हता. नाझी चिन्हांवर तिथे कायद्याने बंदी आहे आणि चित्रपटांना मिळणारी सूट गेमला मिळत नव्हती. ऑगस्ट २०१८ मध्ये गेमना वयाचं प्रमाणपत्र देणाऱ्या तिथल्या मंडळाने प्रत्येक गेम वेगळा तपासून परवानगी द्यायला सुरुवात केली.

‘साक्सेनहाउझेन’बद्दल थोडक्यात. १७ नोव्हेंबर १९३९ ला नाझींनी चेक विद्यापीठं बंद केली, नऊ जणांना गोळ्या घातल्या आणि बाराशेच्या आसपास विद्यार्थ्यांना साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत पाठवलं. जागतिक विद्यार्थी दिन त्याच तारखेचा. गेम नेटका आहे, फुकट आहे, कॉलेजातल्या भाचीला तोच आधी दिला.

पण मला लिहायचंय ते ‘स्वोबोदा’बद्दल. हा २०२१ चा. गाव काल्पनिक, चेक-जर्मन सरहद्दीवरचं. तुम्ही वारसा जतन खात्याचे कर्मचारी. जुन्या शाळेची इमारत ठेवायची की पाडू द्यायची, एवढंच ठरवायला आलेले. चौकशी सुरू होते आणि १९४५ उकरलं जातं. युद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनभाषकांना हाकललं गेलं. त्यात नाझींचे पाठीराखे होते, तशा पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राबलेल्या बायकापोरीही होत्या. पुढे तुमच्या आजोबांचं नावही त्या हकालपट्टीशी जोडलेलं निघतं. ‘अटेंटाट’मध्ये आपण कोणाच्या बाजूचे याचा विचारच करावा लागत नाही. इथे दर मुलाखतीनंतर बूड हलतं.

१९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्ता आली, नंतर सामूहिक शेती आली, तेही यात आहे. एका भागात शेत तुमच्या ताब्यात देतात आणि सक्तीच्या धान्यवसुलीचा आकडा चढत जातो. कितीही हुशारीने पेरा, शेवटी शेत जातंच. पहिल्यांदा वाटलं आपण चुकलो, दुसऱ्यांदा कळलं की जिंकायची सोयच ठेवलेली नाही. आमच्याकडे सरकारला सक्तीच्या लेव्हीची ज्वारी घातलेल्या शेतकऱ्याला हा भाग दोन मिनिटांत कळेल, अर्थात तिकडची सक्ती कितीतरी पटींनी क्रूर होती.

याच दिवसांत गावी गेलो होतो. आमचं गाव मराठवाड्यात, म्हणजे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. आजी तेव्हा आठ वर्षांची. रझाकारांच्या भीतीने घरातले सगळे रातोरात पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेले, हे ती रंगवून सांगते. डोक्यावरचं बोचकं, गाडीत विसरलेला तांब्या, सगळं. गेम खेळून मला विचारायची सवय लागली होती, म्हणून मी पुढचं विचारलं, “आजी, पोलीस ॲक्शननंतर परत आलात तेव्हा शेजारी कोण होतं गं?”

“पिंजाऱ्याचं घर होतं.”

“मग?”

“मग काय. नव्हते ते.”

“कुठं गेले?”

“चहा टाकू का तुला?”

पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय सैन्याने निजामाचं राज्य ताब्यात घेतल्यावर, मुसलमानांवर काय ओढवलं हे नोंदवणारा सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नव्हता, एवढं मी वाचलं होतं. पण आजीपुढे ते काढावंसं वाटलं नाही. गेममध्ये निदान नाणी खर्चून मुलाखत परत सुरू करता येते.

घ्यायचे का? सबटायटल्स वाचायचा कंटाळा असेल तर नको. इंग्रजी वेगाने वाचता येत नसेल तरी अवघड जाईल, कारण मराठी-हिंदी नाही. धावपळ हवी असेल तर अजिबात नको. बाकी विकतचे दोन्ही गेम सेलमध्ये घ्या आणि ‘अटेंटाट’पासूनच सुरू करा. ‘स्वोबोदा’ आधी खेळलात तर १९४५ चा तो राग नुसता क्रूर वाटेल, तो कुठून आला ते दिसणार नाही.

‘स्वोबोदा’ अजून लॅपटॉपवर आहे. शाळेचा निर्णय मी पहिल्या खेपेला घाईत दिला होता. परवा पुन्हा त्या निर्णयाच्या फॉर्मपर्यंत पोहोचलो आणि झाकण मिटवून टाकलं.