कुत्रा घरात, अ‍ॅलर्जी अंगात: हेपा एअर प्युरिफायर आठ महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. यंत्र काम करतं, पण एकटं पुरत नाही. चुकीच्या खोलीत ठेवलं तर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. हा अनुभव आठ महिने रात्रंदिवस चालू असलेल्या, हेपा म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा फिल्टर असलेल्या प्युरिफायरचा आहे. घरात दुहेरी केसांचा (वर जाड केस, आत मऊ लव) मोठा कुत्रा आणि चाचणीत कुत्र्याची अ‍ॅलर्जी निघालेलं एक माणूस.

त्रास कशाचा होतो हे नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर खरेदीच चुकते. केस दिसतात म्हणून दोष त्यांच्यावर जातो. खरा त्रास प्रथिनांचा असतो. ती कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मुतात असतात. त्यातलं मुख्य प्रथिन कॅन एफ 1. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते आणि तिचे बारीक कण कोंड्याबरोबर सुटतात. मोठे कण खाली बसतात. 5 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण मात्र बराच वेळ हवेत तरंगतात आणि नाकाच्याही पुढे, थेट श्वासनलिकांपर्यंत जातात. म्हणून ‘केस न गळणारी’ जात आणली की प्रश्न सुटला, हा समज सोडून द्यावा. अशा जातींच्या घरांत ही प्रथिनं कमी असतात असं मोजणीत दिसलेलं नाही.

प्युरिफायर फक्त हवेत असलेलं पकडतो. सोफ्यात, गालिच्यात, उशीत मुरलेल्या कोंड्याशी त्याचा संबंध येत नाही, आणि सगळ्यात मोठा साठा तिथेच असतो. त्यामुळे यंत्राची जागा एकच: अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाची झोपायची खोली, दार बंद, कुत्र्याला प्रवेश नाही. दिवसातले सात-आठ तास त्या खोलीत जातात. तेवढे तास नाकाला विश्रांती मिळाली तर उरलेला दिवस सोसवतो. सुरुवातीचे दोन महिने यंत्र दिवाणखान्यात, कुत्र्याच्या अंथरुणाशेजारी होतं. फिल्टर भराभर भरत होता, पण सकाळच्या शिंका होत्या तशाच होत्या. खोली बदलल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फरक पडला. त्याआधी गादीला बंद चेनचं कव्हर घातलं, पडदे धुतले आणि गालिचा बाहेर काढला. जुना साठा काढल्याशिवाय यंत्राला न्याय मिळत नाही.

आकाराचा हिशेब असा. खोली 4 मीटर बाय 3.5 मीटर, उंची 3 मीटर, म्हणजे 42 घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळली जावी असं धरलं तर यंत्राने ताशी 210 घनमीटर शुद्ध हवा द्यायला हवी. खोक्यावर छापलेला सीएडीआरचा, म्हणजे यंत्र ताशी किती शुद्ध हवा देतं त्याचा, आकडा पंख्याच्या सर्वांत जास्त वेगाचा असतो, आणि त्या आवाजात कोणाला झोप लागत नाही. म्हणून 210 लागत असेल तर 400 च्या पुढचं यंत्र घ्यावं, म्हणजे मधल्या वेगावर काम भागतं. ही एक गोष्ट आधी ठाऊक असती तर फार बरं झालं असतं. फिल्टर खरा हेपा असावा. एच13 दर्जाचा फिल्टर पकडायला सर्वांत अवघड आकाराचे कणही 99.95 टक्के अडवतो. ‘हेपासारखा’ असं लिहिलेलं काही घेऊ नये. आयोनायझरचं, म्हणजे हवेतल्या कणांना विद्युतभार देणाऱ्या भागाचं, बटण बंदच ठेवावं. त्यातून थोडाफार ओझोन निघू शकतो आणि तो आधीच चिडलेल्या श्वासनलिकांना आणखी चिडवतो.

ऑटो मोड हा या यंत्राचा सर्वांत कमकुवत भाग. सेन्सर धूर आणि अगदी बारीक धूळ चटकन ओळखतो, कोंड्याचे जरा मोठे कण त्याला नीट दिसत नाहीत. हिरवा दिवा लागतो, पंखा मंदावतो आणि खाली बसण्याच्या बेतात असलेले कण गाळले जायचे राहतात. झोपण्याआधी एक तास पूर्ण वेग आणि रात्रभर मधला वेग असं हाताने लावलं की फरक जाणवतो. सेन्सरच्या छोट्या भिंगावर धूळ साचली की तो मनाला येईल ते आकडे दाखवू लागतो. दोन महिन्यांतून एकदा यंत्र बंद करून कोरड्या कापसाच्या काडीने तेवढी जागा पुसावी.

देखभालीत कुत्र्याच्या घराचा हिशेब वेगळा. बाहेरच्या जाळीवर, म्हणजे प्री-फिल्टरवर, दोन आठवड्यांत केस आणि धूळ एकमेकांत गुंतून करडं नमदं तयार होतं. कोपऱ्यात नख घातलं की ते अख्खंच्या अख्खं सोलून येतं. ते तसंच राहू दिलं तर हवा ओढली जात नाही, मोटरचा आवाज वाढतो आणि शुद्ध हवेचं प्रमाण घटतं. सफाई घराबाहेर करावी, अ‍ॅलर्जी नसलेल्याने करावी, आणि जाळी धुतली तर पूर्ण वाळवूनच परत बसवावी. आतला हेपा फिल्टर कधीही धुऊ नये. ओल लागली की कागदी घड्या सैलावतात आणि कण आरपार जातात. पुस्तिकेत वर्षभराचं आयुष्य लिहिलं होतं, तो सातव्या महिन्यातच बदलावा लागला. घड्यांच्या तळापर्यंत करडा रंग उतरला होता आणि ओल्या कुत्र्याचा वास यायला लागला होता.

यंत्राइतकंच महत्त्व सफाईच्या पद्धतीला आहे. कोरडा झाडू बंद करावा, त्याने बसलेला कोंडा पुन्हा हवेत जातो. आधी व्हॅक्युम, मग ओलं फडकं. व्हॅक्युम क्लीनरला हेपा फिल्टर असून भागत नाही, त्याचे सांधेही घट्ट हवेत, नाहीतर मागच्या फटींतून धूळ परत खोलीत येते. पिशवीवाला प्रकार अ‍ॅलर्जीसाठी बरा, कारण डबा रिकामा करताना जो लोट उठतो तो टळतो. सफाईनंतर अर्धा-पाऊण तास त्या खोलीत जाऊ नये. कुत्र्याच्या अंथरुणाचे दोन अभ्रे ठेवावेत, दर आठवड्याला एक धुवायला टाकावा, आणि मशीनला एक जादा खंगाळणं लावावं. कुत्र्याशी खेळलेले कपडे झोपायच्या खोलीत न्यायचेच नाहीत. कोंडा कपड्यांवर बसून कुठेही जातो, कुत्रा कधीच न गेलेल्या खोल्यांतही तो सापडतो.

अंघोळीचा उपयोग होतो, पण तो टिकत नाही. धुतल्यावर केसांवरचं प्रथिन बरंच कमी होतं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पूर्वीइतकं होतं. फायदा टिकवायचा तर आठवड्यातून दोनदा धुवावं लागतं. इतक्या वेळा धुताना माणसांचा शाम्पू अजिबात नको. कुत्र्याची कातडी वेगळी असते, ती कोरडी पडली की कोंडा उलट वाढतो. कुत्र्यांचा सौम्य शाम्पू, फेस पाच मिनिटं अंगावर, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं. कानांच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यांत ओल राहू देऊ नये. कातडी लाल दिसली की आठवड्यातून एकदावर यावं आणि पशुवैद्यांना दाखवावं. विंचरणं रोज, घराबाहेर, दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने.

हे सगळं करण्याआधी चाचणी करून घ्यावी. टोचून केलेल्या चाचणीत पंधरा-वीस मिनिटांत गांध उठते की नाही ते कळतं. मात्र अ‍ॅलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, किती ते डॉक्टरांना विचारावं. रक्तातून वेगवेगळी प्रथिनं तपासणारी चाचणीही होते. काही जणांना फक्त कॅन एफ 5 चा त्रास असतो. ते नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं, म्हणजे अशा माणसाला मादी सोसवू शकते. कधी कधी तर दोष कुत्र्याचा नसून गादीतल्या धुळीच्या किड्यांचा निघतो.

औषधांपैकी नाकातल्या स्टिरॉइड फवाऱ्याबद्दल एवढंच: दोन दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडू नये, पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारावा, फवाऱ्याच्या बाटलीचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर सतत बसला तर नाकातून रक्त येतं. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं असेल तर पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं थेट कधीच नको. छातीत घरघर, रात्रीचा खोकला किंवा धाप लागणं सुरू झालं तर प्युरिफायरच्या भरवशावर एक दिवसही काढू नये. तो दमा असू शकतो आणि मग निर्णय डॉक्टरांसोबत बसूनच घ्यावा लागतो.

आठ महिन्यांनंतरची स्थिती अशी: सकाळच्या शिंका जवळपास थांबल्या, रात्री नाक चोंदत नाही, रोजची गोळी अधूनमधून घेण्यावर आली. दिवाणखान्यात तासभर बसलं की डोळे अजूनही चुरचुरतात. आतली लव गळण्याचे आठवडे आले की सगळं पुन्हा वर जातं. त्या काळात जाळी दर चार दिवसांनी साफ करावी लागते आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे फवारा दोन आठवडे आधीच सुरू होतो.