चौदा पौंडांची जोन आर्मट्रेडिंग

चौदा पौंडांना घेतलेल्या जुन्या रेकॉर्डच्या कव्हरवर चिकटवलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘चांगल्या स्थितीत’. पहिल्या बाजूपुरतं ते खरं निघालं. दुसऱ्या बाजूला पहिल्याच गाण्यात सुई अडकते आणि गायिका जोन आर्मट्रेडिंग तोच दीड शब्द ऐकवत बसते, मी उठून सुई पुढे ढकलेपर्यंत. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, आणून द्या, बदलून देतो. नेली नाही. आता सहा महिने झाले.

ही 1976 ची रेकॉर्ड. नाव नुसतं ‘जोन आर्मट्रेडिंग’. आतल्या गोल लेबलवर आधीच्या मालकाने बॉलपेनने आपली आद्याक्षरं आणि ‘1977’ लिहून ठेवलंय. मी बर्मिंगहॅममध्ये अकरा वर्षं राहते, हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, आणि ही बाई याच शहरात वाढली हे मला नवव्या वर्षी कळलं! तेही एका सहकाऱ्याने चहाच्या सुट्टीत गुणगुणलेल्या गाण्यावरून.

जन्म 1950 चा, सेंट किट्स बेटावरच्या बासतेरचा. आईवडील आधी इंग्लंडला आले, ही अँटिग्वाला आजीकडे राहिली आणि सात वर्षांची झाल्यावर बर्मिंगहॅमला आली. घर ब्रुकफील्ड्स भागात. वडिलांकडे गिटार होती, पण ते तिला हात लावू द्यायचे नाहीत, लपवून ठेवायचे. मग हिला तारण-दुकानाच्या काचेत एक गिटार दिसली, किंमत तीन पौंड. आईकडे पैसे नव्हते, म्हणून घरातल्या दोन जुन्या बाबागाड्या देऊन ती गिटार घेतली. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, ऑफिसात नोकरी लागली आणि चहाच्या सुट्टीत गिटार वाजवते म्हणून गेलीही. आमच्या फार्मसीत चहाच्या सुट्टीत गुणगुणणाऱ्यांना अजून कुणी काढलेलं नाही, हे नमूद करते.

तर रेकॉर्ड. निर्माता ग्लिन जॉन्स, ज्याने रोलिंग स्टोन्स आणि लेड झेपेलिन या रॉक बँडांबरोबर काम केलं होतं. इतका दांडगा माणूस हाताशी असूनही रेकॉर्डवर गर्दी नाही. पहिलं गाणं ‘डाउन टू झीरो’ सुरू होतं आणि बी. जे. कोलची पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून वाजवतात ती) मागून अशी सरकत येते, की लांबून कुणी हाक मारावी आणि आपण वळून बघेपर्यंत ती विरून जावी. आवाज खर्जातला, न रडणारा. प्रेमभंग सांगतानाही ती गळा काढत नाही, हिशेब सांगितल्यासारखं सांगते. गिटार छेडत नाही, तिच्यावर थाप मारते. ठेका तिच्या उजव्या हातातूनच निघतो, ड्रमवाला नंतर येऊन त्याला मिळतो.

‘वॉटर विथ द वाइन’ मी दोन महिने भांडी घासताना खुशाल म्हणत होते. चालच तशी, उन्हातली, हलकी. मग एक दिवस शब्द नीट ऐकले. पार्टीत पाजून पाजून शुद्ध घालवली आणि सकाळी नको असलेला माणूस शेजारी. अशी गोष्ट ती इतक्या मोकळ्या चालीत सांगते, की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी, आपण काय गुणगुणत होतो. त्यानंतर ते गाणं भांड्यांबरोबर म्हटलेलं नाही.

मग ‘लव्ह अँड अफेक्शन’. ब्रिटनच्या खपाच्या यादीत हे दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि रेडिओवर अजून लागतं. सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही. गिटार, आणि ती बोलल्यासारखी म्हणते की मी प्रेमात नाही, पण कुणी पटवून दिलं तर माझी हरकत नाही. (हे माझे शब्द. तिचे याहून आखूड आहेत.) मग व्हायोलिनं येतात, मग अचानक तळघरातून आल्यासारखा एका पुरुषाचा जाड आवाज. तो क्लार्क पीटर्सचा, जो पुढे ‘द वायर’ या अमेरिकी पोलीस मालिकेत लेस्टर फ्रीमन झाला. हे कळल्यापासून मला त्या ओळीला फ्रीमनचा चष्मा दिसतो, इलाज नाही. शेवटाकडे जिमी ज्युएलचा सॅक्सोफोन. या सगळ्यात ती स्वतः एकदाही जोर लावत नाही. साडेचार मिनिटांच्या आसपासचं गाणं आहे, संपतं तेव्हा वाटतं दोनच मिनिटं झाली.

हे गाणं आईला फोनवर सांगायला गेले आणि फसले. पहिली ओळ मराठीत आली आरामात. पुढे आई म्हणाली, “पण म्हणतेय कुणाला ती?” म्हटलं, ‘तू’ला. “हो गं, पण तो तू आला की आली?” आता काय सांगणार! तिच्या गाण्यात ‘तू’ बाई आहे की पुरुष हे बहुतेक वेळा कळत नाही, आणि इंग्रजीत ते कळावंही लागत नाही. मराठीत पहिल्याच भूतकाळाला अडकायला होतं. आलास म्हणू की आलीस?

1981 च्या ‘वॉक अंडर लॅडर्स’ रेकॉर्डवर ‘द वीकनेस इन मी’ नावाचं गाणं आहे, तिथे तर पंचाईतच. घरात प्रेम करणारं माणूस आहे आणि तरी मन दुसरीकडे ओढलं जातंय, दोन्हीकडून फरफट. घरातलं ते माणूस म्हणजे प्रियकर की प्रेयसी? मी वहीत चार वेळा लिहून बघितलं. शेवटी ‘माणूस’ नपुंसकलिंगी धरून ‘ते’ म्हणत निभावलं, तर आई म्हणाली, “हे काय, पोस्टमनबद्दल बोलतेस का?” पण त्या खटपटीत मला तिची कारागिरी दिसली. पन्नास वर्षं प्रेमाची गाणी लिहायची आणि बहुतेक गाण्यांत खिडकीचा पडदा पुरता सरकवायचा नाही, हे सोपं नाही. ऐकणारा आपलं माणूस त्यात बसवून घेतो. खासगी आयुष्याबद्दल ती बोलत नाही, तेव्हा मीही इथे लिहीत नाही.

बाकीची कारकीर्द मी उलटसुलट ऐकली, जशा रेकॉर्डी आणि सीडी हाती लागल्या तशा. पहिली 1972 ची, गीतकार पॅम नेस्टरबरोबर केलेली, त्यात ती अजून चाचपडते आहे. ‘मी मायसेल्फ आय’ 1980 ची, न्यूयॉर्कमध्ये केलेली, इलेक्ट्रिक गिटारींनी भरलेली, खपली भरपूर. त्यातलं त्याच नावाचं गाणं झकास आहे. एकटीला राहायला आवडतं, यात बिघडलं कुठे, असं ठणकावून सांगणारं. सुट्टीच्या दिवशी दार लावून मी हेच लावते. 1983 चं ‘ड्रॉप द पायलट’ पार्टीत वाजतं, वाजू दे. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध मला नाही झेपत. सिंथेसायझरच्या चकचकाटात तिचा उजवा हातच ऐकू येत नाही, आणि तो नसेल तर माझे पैसे वाया.

तो हात परत सापडतो 2007 च्या ‘इन्टू द ब्लूज’मध्ये. ही अमेरिकेत बिलबोर्ड नियतकालिकाच्या ब्लूज यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आली, ब्रिटिश बाईच्या बाबतीत पहिल्यांदाच. सत्तावन्नाव्या वर्षाकडे झुकलेली बाई गिटारीवर असे सूर ओरबाडते, की शेजारच्या खोलीतून माझा नवरा विचारायला आला, हा कोण वाजवतोय. ‘वाजवतोय’ म्हणाला. बघा, क्रियापदाने इथेही घात केला.

मधल्या काळात तिने ओपन युनिव्हर्सिटीतून इतिहासाची पदवीही घेतली, 2001 मध्ये, दौरे सांभाळून. पंधराव्या वर्षी शाळा सोडावी लागलेल्या माणसाला त्याचं काय वाटलं असेल, हे मला माझ्या मावशीवरून माहीत आहे. 2023 च्या नोव्हेंबरात लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये चिनेके ऑर्केस्ट्राने तिची पहिली सिंफनी वाजवली. गाणं नाही, सिंफनी, म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदासाठीची मोठी रचना. माझी ड्यूटी होती.

आणि 2024 ची नवी. नाव इतकं लांब, की सीडीच्या कण्यावर कसंबसं मावतं: ‘हाउ डिड धिस हॅपन अँड व्हॉट डझ इट नाउ मीन’. चौऱ्याहत्तरीला टेकलेली बाई, गाणी तिचीच, वाद्यंही तिनेच वाजवलेली. कौतुक म्हणून ठीक, ऐकायला मात्र मला कुणीतरी दुसरं हवं होतं खोलीत. तालावर यंत्राची शिस्त आहे, आणि ज्युएलसारखा कुणी मध्येच येऊन तोल बिघडवत नाही. आवाज थोडा खाली गेलाय, त्याला एक खरखर आलीय, ती छान. तीन गाणी ठेवली, बाकीची एकदाच ऐकली.

घ्यायची तर 1976 ची घ्या. गाणी फक्त दहा, एकही भरताड नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी ‘टॉल इन द सॅडल’ आहे, संथ सुरू होऊन शेवटी चौखूर उधळणारं, आणि ते चुकवू नका. मी एकदा सुईच्या दांड्याच्या टोकावर चिकटपट्टीने एक पेनीचं नाणं बसवून ती अडलेली जागा पार केली. चालतं, पण रेकॉर्ड झिजते, म्हणून पुन्हा केलं नाही.

जुनी घेत असाल तर दुकानातच खिडकीजवळ जा, दुसरी बाजू उजेडात तिरकी धरा आणि कडेची पहिली बोटभर पट्टी नीट बघा. मी पहिलीच बाजू बघितली होती.