लोअर केलेल्या पोलोला १६ इंची रिम: ईटी ३८, टायर १९५/५० आणि भोसरीतलं ते दुकान

ज्याला फक्त नंबर हवेत त्याच्यासाठी आधीच सांगून टाकतो. पोलो १.२ टीएसआय, ३० मिमीच्या लोअरिंग स्प्रिंग (गाडी तेवढी खाली बसवणाऱ्या), रिम १६ बाय ७ (इंचात व्यास आणि रुंदी), पीसीडी ५ बाय १०० (पाच बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळात), ईटी म्हणजे ऑफसेट ३८ (खाली समजावलाय), टायर १९५/५० आर१६ (रुंदी १९५ मिमी, साइडवॉलची उंची तिच्या ५० टक्के, रिम १६ इंची). कुठेही घासत नाही, मागे तीन जण आणि डिकी भरलेली असताना ताम्हिणी उतरलो तरी नाही. रिव्ह्यू सेटअपचा पण आहे आणि ज्या दुकानात बसवला तिथल्या कामाचा पण, कारण रिम विकणारे ढिगाने मिळतात, गाडीखाली पट्टी घेऊन झोपणारा एखादाच सापडतो.

आधी एका मोठ्या चकाचक दुकानात गेलो होतो, नाव घेत नाही. तिथे १७ बाय ७.५ ईटी ३५ चा रिम गाडीला टेकवून उभा केला आणि "सर पोलोला हाच जातो, सगळे हाच लावतात" एवढंच. गाडी किती लोअर आहे, मागे माणसं बसतात का, एक प्रश्न नाही. ऑफसेट मीच विचारला, तर पोरगा खोक्यावर शोधायला लागला. तिथून निघालो.

आता हा ऑफसेट का एवढा महत्त्वाचा ते बघा. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य धरा, आणि रिम जिथे हबला (चाक बोल्टने ज्याच्यावर बसतं तो भाग) टेकतो ती जागा त्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे तो आकडा म्हणजे ईटी. आकडा मोठा तितकं चाक आत जातं, लहान तितकं बाहेर येतं. पण नुसत्या ईटीवरून काहीच कळत नाही, रुंदी सोबत घ्यावीच लागते आणि लोक इथेच फसतात. रुंदी मिमीत करायची, अर्धी करायची, त्यातून ईटी वजा केला की हबपासून बाहेरची कड, मिळवला की आतली कड. माझा कंपनीचा रिम १५ बाय ६ ईटी ४०, म्हणजे बाहेर ३६ आणि आत ११६. ते १७ बाय ७.५ ईटी ३५ घेतलं तर बाहेर ६० आणि आत १३०. म्हणजे चाक एका बाजूला २४ मिमी बाहेर आलं! स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ हाइटच्या गाडीला हे कदाचित खपून जाईल कारण टायर आणि फेंडरमध्ये भरपूर गॅप असतो, पण लोअर गाडीत टायरचा वरचा भाग आधीच फेंडरच्या कडेजवळ आलेला असतो, मागे माणसं बसली आणि खड्डा आला की कड थेट टायरवर. आमच्या १६ बाय ७ ईटी ३८ मध्ये बाहेर ५१, आत १२७, म्हणजे १५ मिमी बाहेर आणि ११ मिमी आत, दोन्हीकडे जागा उरते.

आणि काही जण म्हणतात मग ईटी ४५ घ्या ना, सेफ. सेफ नाही, १६ बाय ७ ईटी ४५ मध्ये आतली कड १३४ वर जाते, स्टॉकपेक्षा १८ मिमी शॉकअपच्या जवळ, मग स्पेसर (चाक बाहेर ढकलणारी चकती) टाका, मग लांब बोल्ट शोधा. त्यापेक्षा बरोबर ईटीचा रिम थोडं थांबून मागवलेला बरा.

हे सगळं मला भोसरीतल्या काकांनी कागदावर आकडे मांडून समजावलं, छोटं दुकान आहे, अलाइनमेंटचं मशीन आणि दोन रॅम्प. पण काकांनी कागदावर विश्वास ठेवला नाही हे मला सगळ्यात आवडलं. रिम उलटा ठेवला, कडेवर लोखंडी पट्टी आडवी टाकली आणि पट्टीपासून हबच्या पॅडपर्यंत अंतर मोजून ईटी खरंच ३८ आहे का ते तपासलं. मग चारही टायर चढवायच्या आधी एकच चढवला, कारण टायर एकदा रिमवर चढला की कोणी परत घेत नाही. तो पुढे लावून लोअर आर्मखाली जॅक देऊन सस्पेन्शन जेवढं दाबलं जातं तेवढं दाबलं आणि स्टीअरिंग दोन्हीकडे फुल लॉक. मग तेच चाक मागे, फेंडरच्या आतल्या कडेला ओला खडू फासला, मी, काका आणि दुकानातली दोन पोरं गाडीत, आणि एमआयडीसीतल्या स्पीडब्रेकरवरून मुद्दाम जरा जोरात. परत येऊन बॅटरीच्या उजेडात बघितलं तर खडू जसाच्या तसा. "आता बाकीचे तीन चढवा रे" म्हणाले. लोअर गाडीचं फिटिंग असंच तपासायला हवं, वजन टाकून, सस्पेन्शन दाबून. रॅम्पवर उभी गाडी बघून काय कळणार?

टायर साइजवर माझी आणि काकांची थोडी वादावादी झाली, मला २०५/४५ आर१६ हवा होता, दिसतो भारी. स्टॉक १८५/६० आर१५ चा एकूण व्यास ६०३ मिमी. २०५/४५ आर१६ चा ५९१, म्हणजे जवळपास २ टक्के कमी, स्पीडोमीटर तेवढा जास्त दाखवणार आणि गाडी अजून ६ मिमी खाली, आधीच लोअर गाडीला ते ६ मिमी फार. शिवाय त्याचा स्टँडर्ड लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतो त्याचा कोड) ८३ म्हणजे ४८७ किलो, स्टॉकचा ८४ म्हणजे ५०० किलो, एक्स्ट्रा लोडवाला मिळाला तरच बघायचं. दुसऱ्या टोकाला १९५/५५ आर१६, जो नंतरच्या जीटीला कंपनीनेच दिला होता, कुठेही मिळतो, पण व्यास ६२१, तोही ३ टक्के जास्त, स्टॉक हाइटला मस्त पण लोअर करून वर रुंद रिम टाकला की पुढे लायनरला (चाकाच्या वरच्या प्लास्टिकच्या अस्तराला) लागायची भीती. १९५/५० आर१६ येतो ६०१ वर, स्टॉकच्या अगदी जवळ, लोड इंडेक्स ८४. शेवटी काकांचंच ऐकलं आणि बरं झालं. तोटा एकच, हा साइज प्रत्येक दुकानात पडलेला नसतो, मागवावा लागतो.

१७ इंचीला २१५/४० लावला तर व्यास ६०४ येतो, हिशोबाला एकदम परफेक्ट. पण साइडवॉल बघा, स्टॉकची १११ मिमी, माझ्या १९५/५० ची साडेसत्त्याण्णव, २१५/४० ची फक्त ८६. आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांत ते साडेअकरा मिमी रिम वाचवतात. त्यामुळे आपल्या रस्त्यांवर लोअर पोलोला १६ च, माझं मत पक्कं आहे.

बोल्टचं कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. फोक्सवॅगनच्या ओरिजिनल बोल्टची सीट गोल असते, बाहेरच्या बऱ्याच रिमना कोनासारखी लागते, दोन्ही एम१४ च, त्यामुळे आटे बसतात आणि वाटतं झालं काम, पण सीट नीट टेकत नाही आणि बोल्ट सैल होऊ शकतो, चाकाच्या बाबतीत हा खेळ नाही. काकांनी न सांगता कोनवाले बोल्ट लावले, हबला ७३.१ ते ५७.१ च्या रिंगा घातल्या (रिमचं मधलं भोक मोठं असतं, पोलोचा हब ५७.१ चा, रिंग नसली तर हायवेला स्टीअरिंग थरथरू शकतं), आणि इम्पॅक्ट गनने दणादण न आवळता टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराला आवळणारा पाना) १२० न्यूटन मीटरला आवळले. शंभरेक किमी झाले की परत या, फ्री चेक करून देतो म्हणाले आणि खरंच दिलं.

अलाइनमेंट पण तिथेच. लोअर केल्यावर पुढचा टो (वरून बघितलं तर चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बदलतो आणि तसाच चालवला तर टायर आतल्या कडेने खातो, नवीन टायर बघता बघता टक्कल. पुढे टो सेट होतो, मागे पोलोला बीम ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) आहे त्यामुळे तिथे ॲडजस्टमेंटच नाही, जे आहे ते. मशीनवरच्या आधीच्या आणि नंतरच्या रीडिंगची प्रिंट मागितली तर लगेच दिली.

चालवायला कशी आहे? वळणावर गाडी एकदम बसून राहते, स्टीअरिंग किंचित जड झालंय आणि खराब रस्त्यावर थोडं ओढतं, चाक बाहेर आलं की तेवढं होणारच. राइड स्टॉकपेक्षा कडक, घरच्यांना जाणवते. ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६५ चा १३५ झालाय. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) १९८८ च्या हिशोबाने स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच हवा होता, तसा असेल तर आरामात निघते, पण सोसायट्यांच्या गेटवर जे सिमेंटचे उंचवटे घालून ठेवतात तिथे तिरकीच घ्यावी लागते.

दुकानाबद्दल तक्रार म्हणाल तर शनिवार-रविवार जाऊ नका, रांग असते आणि काका कोणाचंच काम घाईत करत नाहीत, आपलंही नाही. आणि निघताना जुने पाच गोल सीटवाले बोल्ट मागून घ्या आणि डिकीत ठेवा, स्टेपनीचा लोखंडी रिम कंपनीचाच आहे, त्याला नवीन कोनवाले बोल्ट चालत नाहीत.